ओडीलला जागं राहायचं होतं

वारा पडला नाही, म्हणून लॉबस्टरचे सापळे टाकायचा दिवस पुढे गेला आणि ऑरेल बोटीवर असण्याऐवजी इस्पितळात बायकोच्या खाटेशी उभा राहिला. धक्क्यावरून तो थेट आला होता. बुटांना आमिषाच्या हेरिंग मासळीचा वास येत होता. नर्स लिझेटने खिडकी उघडली.

"तुझा नवरा जरा बाहेर वाळत घालू या का?" तिने ओडीलला विचारलं.

"घालून बघितलाय. वास जात नाही," ओडील म्हणाली, आणि पुढची कळ आली तेव्हा तिने त्याच नवऱ्याचा दंड घट्ट पकडला.

पहिली मुलगी मार्गो. तिच्या वेळी बाळाच्या आधी नाळ खाली आली. मग धावपळ झाली, तोंडावर मास्क आला आणि पुढचं ओडीलला काहीच आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मुलगी धुऊनपुसून, टोपी घालून सासूच्या, लेओनाच्या, मांडीवर झोपली होती. घरातल्या सगळ्यांनी तिला बघितलं होतं, आई शेवटची. ते बाळंतपण लेओना दर नाताळला इतकं रंगवून सांगायची की ओडील पाहुणीसारखी ऐकत बसायची. सासूबाईंनी तिला कधी दुखवलं नव्हतं. पण गोष्ट तिची होती आणि तिलाच ती दुसऱ्याकडून ऐकावी लागत होती.

या खेपेला तिला एवढंच हवं होतं, की मूल येईल तेव्हा आपण जागं असावं. सिझरनंतरही तिला नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हाच तिने ठरवलं: कळा बधिर करायला पाठीत देतात ती सुई घ्यायची नाही. भूल म्हणजे झोप, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

लेओनाने ते आणखी पक्कं केलं. "सुई घेतलीस तर आतला जुना टाका उसवला तरी कळायचं नाही, पोरी. माझा बाप बर्फाच्या पाण्यातला दोर उघड्या हाताने ओढायचा. हातमोजा घातला की सापळा खडकात अडकलेला कळत नाही, म्हणायचा."

त्या किनाऱ्यावर या बोलण्याला कुणी नाही म्हटलं नसतं. ओडीलनेही म्हटलं नाही.

सकाळभर ती चालली. पोटावर बिनतारी पट्टा बांधून गरम पाण्याच्या शॉवरखाली उभी राहिली; बाळाच्या ठोक्यांचा आवाज बाहेर यंत्रातून येत राहिला. मग दुखणं हलकं करायला देतात तो वायू नळीतून ओढला. दुखणं तेवढंच राहिलं, फक्त ऑरेलचे कान भयंकर विनोदी दिसू लागले.

"कानांत काय आहे हसण्यासारखं?" ऑरेल म्हणाला.

"लहानपणापासून आहे," कोपऱ्यातल्या खुर्चीतून लेओना म्हणाली.

दुपारी हसू आटलं. लिझेट म्हणाली, "दंडात इंजेक्शन देऊ शकते. थोडी गुंगी येईल."

"गुंगी नको!" ओडील ओरडली. मग हळू म्हणाली, "माफ कर. पण झोप आणणारं काहीच नको."

लिझेट खाटेच्या कडेला बसली. "तुला दुखण्याची भीती आहे की झोपेची?"

ओडीलला रडू फुटलं. "झोपेची."

भूल देणाऱ्या डॉक्टर थेरियो आल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि कळ ओसरेपर्यंत थांबल्या. "पाठीत सुईने नळी घालतात, तिने झोप येत नाही," त्या म्हणाल्या. "पाय जड होतील, रक्तदाब थोडा उतरू शकतो, जोर लावायला वेळ लागेल. पण जाग्याच राहाल. आणि पुन्हा सिझर करायची वेळ आलीच, तर बहुतेक वेळा त्याच नळीतून जास्त औषध देता येतं. पूर्ण भूल लागण्याची शक्यता कमी होते. तशी ती कधीच लागणार नाही, असं मात्र मी म्हणणार नाही."

"आणि टाका उसवला तर?" लेओनाने विचारलं. "हिला कळणार कसं?"

"नुसत्या दुखण्यावर आम्ही विसंबून बसत नाही. बहुतेकदा आधी बाळाचे ठोके बदलतात. म्हणून तर पट्टा सोडत नाही. आणि तसं दुखणं पुष्कळदा औषधातूनही जाणवतं."

ऑरेल पुढे झाला. "आई, आजोबांचा दोर हातात होता. माझा दोर यंत्र ओढतं. सापळा अडकला की आधी यंत्राचा आवाज बदलतो. मी हातमोजे घालूनच असतो की!"

लेओनाने त्याच्याकडे बघितलं. "हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू बोटीवर आलीस कधी?"

ओडीलने डॉक्टरांना होकार दिला, तशी लेओना उठली. तिने सुनेच्या पाठीवरचा गाऊन स्वतः बाजूला केला. "वाक, पोरी. मांजरासारखी पाठ कर."

औषध चढलं तसा ओडीलचा चेहरा सैल झाला. जरा वेळाने यंत्रातले ठोके मंदावले. लिझेटने तिला कुशीवर वळवलं, बाळंतपणाचे डॉक्टर आत आले, सगळे तो आवाज ऐकत राहिले. ठोके पुन्हा पहिल्यासारखे धावू लागले. ओडीलने हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघितलं. तिला भीती वाटली, पण ती तिथेच होती.

संध्याकाळी जोर लावायची वेळ आली. पाय जड होते, पण खाली दाब कळत होता. लिझेट सांगत होती, ऑरेल मोजताना चुकत होता आणि लेओना त्याला दटावत होती.

"डोकं आलं! हात खाली आणा," डॉक्टर म्हणाले. "घ्या, तुम्हीच घ्या."

ओडीलने बाळाच्या काखांत बोटं घालून मुलगा वर ओढला. ओला, निळसर, रागावलेला. छातीवर येताच त्याने भोकाड पसरलं.

लेओनाचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले.

"आई, थांबा जरा," ओडील म्हणाली.

लेओनाने हात मागे घेतले. आता त्यांचं काय करावं हे तिला क्षणभर सुचेना. मग तिने सुनेच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले आणि ते तसेच धरून उभी राहिली, म्हणजे ओडीलला बाळ नीट दिसावं.