हिलर कोणी घेत नाही

"हिलर नका घेऊ, काकू," निशिगंधा म्हणाली. "हिलर कोणीच घेत नाई. जिंकलो तं तलवारवाल्याचं नाव, हरलो तं हिलरले शिव्या."

माझ्या मोबाइलवर चार आकृत्या उभ्या होत्या. तलवारवाला, धनुष्यवाला, ढालवाला, आणि पांढऱ्या वस्त्रातली, हातात काठी घेतलेली एक बाई. ती हिलर. लढत नाही. मंत्र टाकते आणि दुसऱ्यांच्या जखमा भरते.

"हीच दे," मी म्हटलं.

"काऊन पण?"

उत्तर तिला माहीत होतं. माझा मुलगा कुशल पुण्यात असतो. दोन वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. माझा नंबरही त्याने ब्लॉक करून टाकला आहे. पण रोज सकाळची पाळी संपवून संध्याकाळी साडेपाचला तो हा खेळ खेळायला बसतो, पाच जणांच्या टोळीत. आमच्या मलकापूरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी ही निशिगंधा त्याच टोळीतली. पाचवी जागा रिकामी झाली होती. त्याचा आवाज कानावर पडावा, एवढंच मला हवं होतं.

"कुशलदादाले कळलं तं तुमच्यासंगं मलेही हाकलंल," ती म्हणाली. "माईक कधीच चालू करायचा नाई. लिहूनच बोलायचं. नाव काय टाकू?"

"महामाया."

श्रावणात सुरुवात केली. पहिल्याच दिवशी कानात त्याचा आवाज आला, "ए महामाया, झोपली का बे? मी मरून राह्यलो इकडं!" दोन वर्षांनी ऐकलेलं पहिलं वाक्य. मला बटणच सापडेना.

पुढे सापडू लागलं. प्रत्येकाच्या डोक्यावर हिरवी पट्टी असते, तो त्याचा जीव. मी सगळ्यांपेक्षा त्याच्या पट्टीकडेच जास्त पाहायची. ते त्याच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते हे, की दिवेलागणीला महामाया खेळ सोडून जाते.

"झाली हिची वेळ," तो म्हणायचा. "हिच्या घरची लाइट जाते का रोज?" टोळी हसायची. निशिगंधा हसायची नाही.

माझा नेम आहे. सूर्य मावळला की देवाजवळ दिवा लावायचा, एक माळ जप करायचा आणि एकशे आठवा मणी सरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्नाआधीपासूनचा नेम, एकदाही न मोडलेला. आतल्या खोलीतून चिंतामणरावांनी, कुशलच्या वडिलांनी, दोनदा हाक मारली त्या संध्याकाळीही नाही. मला वाटलं, चहा हवा असेल. माळ पूर्ण करून गेले तेव्हा ते पलंगावरून अर्धे खाली आले होते. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तर वाचले असते का, सांगता येत नाही. तेरावं झाल्यावर बॅग उचलताना कुशल एवढंच म्हणाला, "तुझी माळ तं पुरी झाली ना?"

श्रावणात दिवेलागण सातला होती. मार्गशीर्षात दिवस आखडला आणि ती पावणेसहावर आली, खेळाच्या ऐन मध्यात. टोळी चिडली. "उद्या मोठा राक्षस आहे," कुशल म्हणाला. "उद्या गेली तं परत येऊ नको, महामाया. दुसरी हिलर पाहून ठेवली मी."

दुसऱ्या दिवशी मी तडजोड केली, नेमाच्या माणसाने करू नये अशी. दिवा लावला, उजव्या हातात माळ घेतली आणि मोबाइल समईशेजारी पाटावर ठेवला. जप मनात, डावा अंगठा मंत्राच्या बटणावर.

चाळिसाव्या मण्याच्या आसपास राक्षस पडायला आला. कुशल पुढे धावला. कुशलच्या पाठीमागून दुसरा, लहान राक्षस निघाला. तो मला दिसत होता, त्याला नाही. हिरवी पट्टी नखाएवढी उरली. माझा मंत्र पुन्हा तयार व्हायला अजून चार सेकंद होते आणि लिहायला वेळ नव्हता.

मी माईक दाबला. "कुशल! मागं पाह्य!"

तो वळला. वाचला. राक्षस पडला, पडद्यावर रंगीत फटाके फुटले. 

"आई?"

माझा अंगठा अजून माईकच्या बटणावरच होता. 

"चार महिने," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता, ओरडण्यापेक्षा वाईट. "चार महिने माझं बोलणं ऐकत बसली तू. चोरावानी."

"कुशल, ऐक रे..."

"बाबांनी दोन हाका मारल्या. तोंड नाई उघडलं तू. अन् इथं? इथं मी मेलो तं दहा सेकंदात परत उभा राह्यतो, आई! नेम मोडायचाच होता तं तवा काऊन नाई मोडला?"

पडद्यावर ओळ आली: महामाया हिला टोळीतून काढण्यात आले आहे. खाली लगेच दुसरी ओळ, निशिगंधाच्या नावाची.

जिन्यावर पावलं वाजली. ती चपला न काढता दारातच उभी राहिली. "सांगतलं होतं ना, माईक नाई म्हणून? माझी टोळी गेली तुमच्यापायी." मग समईकडे पाहून म्हणाली, "होऊन जाऊ द्या आता तुमची माळ." आणि दार आपटून गेली.

नेम मोडला की पहिल्या मण्यापासून सुरुवात करायची असते. माळ पाटाखाली घसरली होती. मी ती उचलली नाही. उठून आतल्या खोलीच्या दाराशी गेले. पलंगावर हल्ली धुतलेल्या कपड्यांच्या घड्या असतात. चौकट धरून, मागे दिवा जळत असताना, मी मोठ्याने विचारलं, "अहो, काय म्हणत होता?"