टोपीची बोहनी

बाबांची तेरवी आटोपली आणि मयुराने गांधीबागेतल्या कापडदुकानाचं शटर उघडलं. शेजारचे रुपरावकाका आपल्या गादीवरून पाहत होते. दुकान आता काकाच चालवायला घेणार, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. आजचा एक दिवस मयुराने मागून घेतला होता. बाबांच्या गादीवर आपल्याला बसवतं का, ते तिला पाहायचं होतं. नाही बसवलं, तर संध्याकाळी किल्ली काकांच्या हातात.

खुंटीवर बाबांची, नत्थूजींची, पांढरी टोपी तशीच होती. जीव घाबरा झाला तेव्हा ती त्यांनी तिथे अडकवली होती. मग त्यांना तसंच उचलून दवाखान्यात नेलं.

दिवसाची पहिली रक्कम, बोहनी, नत्थूजी कपाळाला लावायचे. पुढे गिऱ्हाइकं यंत्राला कार्ड टेकवून मोकळी होऊ लागली आणि हातात काही येईनासं झालं. "टेकवलं, वाजलं, झालं! मी कपाळाले लावू तरी काय?" असं म्हणत त्यांनी शेवटी यंत्रच कपाळाला लावायला सुरुवात केली.

एकदा गिऱ्हाइकाचं कार्ड नीट टेकलं नव्हतं. नत्थूजींनी घाईघाईने यंत्र कपाळाशी नेलं आणि ते तिथेच वाजलं. त्यांचं स्वतःचं कार्ड टोपीच्या घडीत खोचलेलं होतं.

"नत्थूभाऊ, तुमाले आता गिऱ्हाईक कायले पाह्यजे गा?" रुपरावकाकांनी बाजारभर केलं. "टोपी घाला अन् दुकान चालवा!"

त्या दिवशी जेवताना बाबांना हसू आवरत नव्हतं. कार्ड यापुढे खिशात ठेवीन, असं त्यांनी कबूल केलं. म्हणून ते गेल्यावर बेसा भागातल्या घरी मयुराने त्यांच्या सगळ्या कपड्यांचे खिसे पाहिले. कार्ड मिळालं नाही. तिने बँकेत तसं सांगितलं आणि बँकेने ते काल बंद केलं.

दुपार व्हायला आली तेव्हा खाप्याच्या प्रेमलताबाई आल्या, जुन्या गिऱ्हाईक आणि आजच्या पहिल्या.

"नत्थूजी नाही दिसून राहिले वं?"

"बाबा गेले, मावशी."

बाई खाली बसल्या. कितीतरी वेळ समोरच्या पातळावरून हात फिरवत राहिल्या. "मले कोणी सांगतलं नाही वं पोरी," एवढंच म्हणाल्या. मग तेच पातळ त्यांनी बाजूला काढलं.

मयुराने यंत्रात रक्कम टाकली. बाई पिशवीत कार्ड शोधत होत्या. तेवढ्यात, का ते तिलाही कळलं नाही, ती उठली आणि तिने यंत्र खुंटीवरच्या टोपीला टेकवलं.

यंत्र वाजलं.

तिचा हात तिथेच राहिला. क्षणभर टोपीखाली बाबांचं कपाळ होतं. मग पडद्यावर अक्षरं आली: कार्ड बंद आहे. तिने टोपीची घडी चाचपली. आत ते कडक, चपटं कार्ड होतं. खिशात ठेवीन म्हणाले होते. ठेवलं नव्हतं.

तिने ते बाहेर काढलं नाही.

"काहून वं, नाही झालं का?" बाईंनी विचारलं.

"आधी बाबांनी लावून पाहिलं, मावशी. आता तुम्ही लावा."

तिने रक्कम पुन्हा टाकली. बाईंनी कार्ड टेकवलं आणि यंत्र वाजलं. या वेळी पुरतं. मयुराने ते दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि तसंच धरून ठेवलं, कारण डोळे आता तिचं ऐकत नव्हते.

संध्याकाळी रुपरावकाका पायरीपर्यंत आले. किल्ली गादीवरच होती. तिने ती उचलून टोपीला टेकवली आणि आपल्या पिशवीत टाकली.

"सकाळी उघडशील ना?" काका म्हणाले.

"हो काका."

किल्ली न मागता ते वळले आणि शटर ओढायला त्यांनी तिला हातभार लावला.