बंबावरचं नाव

सुनेत्राकाकूंना कुठल्याही भांड्यावर नाव नसलं की बेचैन व्हायला होतं. अमेरिकेत, चँडलरमध्ये येऊन त्यांचे केस पांढरे झाले, पण ही सवय काही गेली नाही. आणि का जावी? मंडळाच्या गणपतीला पंचवीस घरांतून पंचवीस पातेली येतात, सगळी सारखीच. जाताना आपलं पातेलं भलत्याच्या गाडीत आणि भलत्याचं झाकण आपल्या घरात. म्हणून काकूंनी नावं घालायचं विजेचं मशीन मागवलं, पेनाएवढं, घरघर करणारं, आणि हळूहळू अख्ख्या मंडळाच्या भांड्यांवर त्यांचंच अक्षर झळकायला लागलं. लग्नाचा आहेर असो की बारशाची वाटी, लोक आधी काकूंकडे घेऊन यायचे. काकू एक पैसा घेत नसत. फक्त मजकूर सांगणाऱ्याने मध्ये मध्ये बोललेलं त्यांना चालत नसे.

आता अशा बाईच्या पोटी रुही जन्माला यावी, ही देवाची चेष्टाच म्हणायची. चांगली चिप डिझाइनची नोकरी सोडून पोरीने गावाबाहेरचा एक बंद पडलेला पेट्रोल पंप भाड्याने घेतला आणि त्यात म्युझियम काढलं. कशाचं, तर जुन्या अमेरिकन खानावळींचं! मिल्कशेकचे पेले, नॅपकिनचे डबे, गाणी वाजवणारी पेटी, भिंतीवर हॅम्बर्गरच्या निऑन पाट्या. काकू पहिल्यांदा बघायला गेल्या तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, हे तर भंगार आहे सगळं!" रुहीने हातातला पेला पुसून जागेवर ठेवला. पण त्यानंतर सहा महिने तिने आईला तिकडे बोलावलं नाही, आणि ते काकूंच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून या म्युझियमसाठी एक तरी गोष्ट आपल्या हातून व्हावी, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

संधी चालून आली ती कॉफीच्या बंबाच्या रूपाने. त्याला इंग्रजीत अर्न म्हणतात, पण काकूंनी बघताक्षणीच त्याला बंब म्हटलं आणि ते बरोबरच होतं. कमरेएवढा उंच, निकेलचा, दोन तोट्या, वर घुमटासारखं झाकण. वॉल्टर ह्यूबर नावाच्या म्हाताऱ्याचं हायवेवर 'वॉल्टर्स' नावाचं हॉटेल होतं, तिथला हा बंब. रुहीने म्युझियमच्या आतल्या खोलीत लंच काउंटर जसाच्या तसा उभा केला होता, आणि त्याच्या मधोमध हा बंब हवाच होता. तो मिळाला तर नवी खोली उघडणार. नाही मिळाला तर, रुहीनेच एकदा जेवताना सांगितलं होतं, "मग मी क्लोज करते, आई. पुन्हा जॉब शोधते." तिचा चेहरा बघून काकूंनी ताट बाजूला सारलं.

वॉल्टरने बंब तूर्त वापरायला दिला होता. कायमचा द्यायचा की नाही, ते तो शनिवारी म्युझियम बघून ठरवणार होता.

बंब आणायला रुहीबरोबर काकू आणि त्यांचे यजमान गुरुनाथकाका वॉल्टरच्या घरी गेले होते. तिथेच सगळा घोळ झाला. दिवाणखान्यात, भिंतीवर उंच, एका तरुण बाईचा मोठा फोटो होता. काळी-पांढरी फ्रेम. भोवती प्लास्टिकच्या फुलांची माळ आणि खाली एक मिणमिणता बल्ब. काकूंनी विचारलं, "ही कोण?" वॉल्टर म्हणाला, "माझी डॉरथी. तिच्यासारखी कॉफी या भागात कुणीच केली नाही." आणि त्याने सुस्कारा सोडला.

आता तुम्हीच सांगा. फोटो भिंतीवर, फोटोला माळ, खाली दिवा, घरात म्हातारा एकटा, वर सुस्कारा. मराठी माणसाला आणखी काय पुरावा हवा? काकूंनी फोटोला हात जोडले. गुरुनाथकाकांनी चप्पल काढली. वॉल्टरला हे फार आवडलं. बायकोच्या फोटोला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता. माळ म्हणजे नाताळची सजावट होती आणि ती काढायचा कंटाळा आलेला होता, डॉरथी बहिणीकडे टूसॉनला गेली होती, आणि सुस्कारा त्याच्या गुडघ्याचा होता, हे काकूंना कोण सांगणार?

दुसऱ्या दिवसापासून काकू वॉल्टरला डबा पाठवू लागल्या. वरणभात, तिखट न घातलेली भाजी. दुःखाच्या घरी चूल कुठली पेटायला! वॉल्टरने का म्हणून विचारलं नाही. आयतं गरम जेवण येतंय तर कोण शहाणा विचारेल?

शुक्रवारी दुपारी रुही काकूंना म्युझियममध्ये बसवून काउंटरची स्टुलं आणायला गेली आणि जाताना बजावून गेली, "आई, प्लीज, डोन्ट टच एनीथिंग. ग्लव्ह्जशिवाय तर अजिबात नाही."

काकूंनी खरोखर हात लावला नाही. बराच वेळ. त्या समोर बसून नुसत्या बघत होत्या. आणि बघता बघता त्यांना भरून आलं. देवळाला साधा पंखा दिला तरी लोक तिन्ही पात्यांवर नाव घालतात. हा बिचारा बायकोची आठवण कायमची देणार, आणि तिचं कुठे नावसुद्धा नाही? शनिवारी येऊन त्याने ते नाव बघितलं तर तो नाही म्हणेलच कसा? पोरीचं काम झालंच म्हणून समजा. मशीन पर्समध्ये होतंच. त्यांचे हात शिवशिवायला लागले. ग्लव्ह्ज घालायचं मात्र त्या विसरल्या नाहीत.

काम झकास उतरलं. दोन्ही तोट्यांच्या मधोमध, एका रेषेत: कै. सौ. डॉरथी वॉल्टर ह्यूबर यांच्या स्मरणार्थ. 'सौ.' लिहिताना काकूंना विशेष समाधान वाटलं. बाई सुवासिनी गेली. वरून चादर घातली आणि रुहीला काही सांगितलं नाही. सरप्राइज!

शनिवारी सकाळी वॉल्टरची गाडी आली. वॉल्टर उतरला आणि पाठोपाठ लाल लिपस्टिक लावलेल्या एक आजीबाई काठी टेकत उतरल्या.

"ही माझी बायको, डॉरथी," वॉल्टर म्हणाला.

काकूंना क्षणभर वाटलं, इतक्यात दुसरी केली? आणि तीही त्याच नावाची? मग त्यांनी त्या हनुवटीकडे नीट बघितलं. भिंतीवरचीच हनुवटी, फक्त सुरकुतलेली. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो," त्या नवऱ्याच्या कानाशी पुटपुटल्या, "ही जिवंत आहे."

"दिसतंय की," काका म्हणाले. "मग?"

"मग काय मग! बंबावर कैलासवासी घातलंय मी हिला!"

काकांनी डोक्याला हात लावला.

काकूंनी शर्थ केली. बंबाला पाठ लावून उभ्या राहिल्या. चिवडा पुढे केला, चहा विचारला, आधी बाहेरच्या पाट्या बघा म्हणाल्या. पण डॉरथी बंब बघायलाच आली होती. रुहीने हसत हसत चादर ओढली. जुन्या मळकट निकेलवर ती ताजी अक्षरं अशी लखलखत होती की डोळे दिपावेत.

रुहीला मराठी बोललेलं सगळं कळायचं, वाचता मात्र येत नसे. पण आईचं अक्षर तिने लहानपणापासून प्रत्येक वाटीवर पाहिलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आई! इट्स अ नाइन्टीन थर्टीज पीस! तू त्याच्यावर नाव टाकलंस?" तिचा आवाज रडवेला झाला होता आणि ते ऐकून काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉरथी चष्मा लावून वाकली. "काय लिहिलंय?"

"सांग, शुभ लाभ लिहिलंय म्हणून," काका मराठीत कुजबुजले. "कुणाच्या बापाला कळतंय?"

थाप अगदी सोपी होती. पण काकूंच्या डोळ्यांपुढे मंडळातले सगळे इंजिनियर आले. आज ना उद्या त्यातला एक इथे सेल्फी काढायला येणार, मोठ्याने वाचणार आणि सगळ्या ग्रुपवर टाकणार. मग रुहीने कुणाला तोंड दाखवायचं? आणि आधीच पोरीचं वाटोळं केलं, वर खोटं कुठे बोलायचं?

"यावर लिहिलंय," त्यांनी इंग्रजीत सांगितलं, "की तुम्ही वारलात, आणि हे तुमच्या आठवणीत दिलंय." मग फोटो, माळ, दिवा, सगळं एका दमात सांगून टाकलं. "चूक माझी आहे. मुलीला यातलं काही माहीत नाही. तिच्यावर राग धरू नका."

वॉल्टर खो खो हसायला लागला. "म्हणजे ते डबे!"

"तेरावं होईपर्यंत देतात आमच्यात," काकू खालमानेने म्हणाल्या.

"आणि मला हा फोनवर सांगत होता," डॉरथी नवऱ्याकडे वळली, "की एका बाईचा माझ्यावर जीव जडलाय, रोज डबा पाठवते!"

गुरुनाथकाकांनी वॉल्टरकडे नव्याने बघितलं. वॉल्टर छताकडे बघू लागला.

डॉरथी मात्र हसली नाही. तिने अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं. "यात मी कुठली?"

काकूंनी दाखवलं. "ही. डॉरथी."

"दिसते बरी." बोट पुढे सरकलं. "आणि हे?"

"वॉल्टर."

बोट थांबलं. "वॉल्टर? हा इथे कशाला?"

"आमच्यात पद्धत आहे," काकू म्हणाल्या. "बायकोचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव."

डॉरथी काठीवर भार देऊन सरळ उभी राहिली. "पहाटे चारला उठून या बंबात कॉफी मी उकळली. जन्मभर. पाय सुजले, हात भाजले. हा गल्ल्यावर बसून ट्रकवाल्यांना गोष्टी सांगायचा. पाटीवर नाव कुणाचं? वॉल्टर्स. मेन्यूवर वॉल्टर्स. कपावर वॉल्टर्स. आता मी मेले, तर तिथेही हा मध्ये आलाच?"

वॉल्टर पुन्हा छताकडे बघू लागला. काकूंनाच कसंतरी झालं. हजारो भांड्यांवर त्यांनी नावं घातली होती, 'यांजकडून' आणि 'यांच्या स्मरणार्थ', पण जिच्या हातात ते भांडं जन्म काढतं तिचं नाव एकटं कधी घातलं नव्हतं. कुणी तसा मजकूर दिलाच नव्हता. आणि मजकुरात मध्ये बोललेलं चालत नाही म्हणणाऱ्या त्यांनाही ते कधी सुचलं नव्हतं.

"बंब तुझा, पोरी," डॉरथी रुहीला म्हणाली. "कायमचा. मेले म्हणून लिहिलंय ते राहू दे, आज ना उद्या खरं होणारच आहे. फक्त वॉल्टर खोडायचा."

रुहीने एकदा त्या बंबाकडे पाहिलं, एकदा आईकडे. तिने एवढा मोठा श्वास घेतला की सगळ्यांना ऐकू गेला. मग डोळे पुसत म्हणाली, "आई, मशीन आण."

काकूंनी मशीन आणलं, पदर खोचला आणि टोक 'वॉल्टर'च्या पहिल्या अक्षरावर टेकवलं. वॉल्टर दीनवाण्या चेहऱ्याने बघत होता. ते बघून गुरुनाथकाकांना राहवेना.

"अगं, अगदीच नको काढूस," ते म्हणाले. "निदान 'वॉ.' तरी ठेव."

सुनेत्राकाकूंनी त्यांच्याकडे मान वळवून एकदा नीट बघून घेतलं, आणि मशीन सुरू केलं.