चाकांना बांधलेल्या चिंध्या

मित्रांनो, माळ्यावर तुरीच्या पोत्यांमागे तिरका होऊन पडलेला जुना पांगुळगाडा तो मीच. तीन चाकं आणि धरायला एक आडवा दांडा, एवढंच माझं रूप. इंझोरीच्या सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवलं आणि दौलतराव पाटलांच्या घरी पोचवलं. तिथे मला हळदकुंकू लागलं, तेव्हा मी हुरळून गेलो. मूर्खच होतो मी.

पाटलांच्या गुलाबचा एक पाय तापात लुळा पडला होता. कारंज्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की रोज पाय चोळा, आणि गाडा धरून पोराला अंगणात चालवा. पायात जीव येईल. घरात तेलाचे डबे होते, गडीमाणसं होती, अंगण तर बैलजोडी फिरेल एवढं होतं. पण पाटलाचं पोर पांगळं, हे गावाला कळलं तर? म्हणून अंगण राहिलं बाजूला आणि मला माजघरात ठेवलं. तिथे चार पावलं टाकली की भिंत. वर माझी खडखड शेजारी ऐकू जाईल म्हणून पाटलांनी माझ्या चाकांना चिंध्या बांधायला लावल्या! आता तुम्हीच सांगा, चिंध्या बांधलेलं चाक फिरेल कसं? पोरगं रडकुंडीला येऊन ढकलायचं आणि मी जागचा हलत नसे. हे शहाणे म्हणाले, गाडाच कुचकामी आहे. मग मला उकिरड्यावर फेकलं आणि गुलाबला गड्याच्या पाठीवर बसवलं.

उकिरड्यावरून मला आवडाबाईने उचललं, चुलीत घालायला. गावाच्या कडेला तिची भाजीची वाडी होती. तिच्या अंजनाचा पायही तशाच तापाने गेला होता. आवडाबाई कुऱ्हाड घेऊन आली, तर पोरगी माझा दांडा धरून उभी राहायची धडपड करत होती.

"माय, नोको तोडू याले. मले चालाचं हाय."

"अन् तुह्यासंग कोन चालन? वांगे कोन तोडन मंग? डाक्तर म्हनते पायाले तेल चोळा. इथं भाजीच्या फोडनीले तेल नाही!"

असं म्हणत तिने कुऱ्हाड ठेवली, चिंध्या सोडल्या आणि मी पुढे पळू नये म्हणून माझ्यावर वांग्यांची टोपली ठेवली. "जा, विहिरीवर नेऊन ठेव." पाटलाच्या पोराचे उपचार लाजेपायी बुडाले, आणि या पोरीला चालायला शिकायचं तर वांगी वाहावी लागली. असल्या जगाचा मला तिटकारा आहे. अंजना मात्र रोज टोपल्या नेत राहिली, पडत राहिली, आणि हरभऱ्याला घाटे लागले तोवर लंगडत का होईना, चालू लागली.

माझी खडखड गावभर झाली. तेव्हा पाटील धोतराचा सोगा सावरत वाडीत आले.

"आवडे, गाडा आमचा हाय. याले वळखून लोकं विचारून राह्यले, पाटलाच्या घरी पांगळं कोन हाय म्हनून. वापस दे."

वाडीला पाणी पाटलांच्याच विहिरीचं. नाही म्हणावं, तर पाणी बंद. आवडाबाईने माझ्यावरची टोपली उतरवून ठेवली. अंजनाच पुढे झाली. "मीच आनून देईन," ती म्हणाली, आणि भर गल्लीतून मला ढकलत निघाली. माझी खडखड दारोदार ऐकू गेली. पाटलांच्या दारात गुलाब सरपटत आला.

"बाबा, मले बी असंच चालाचं हाय!"

सगळ्या गल्लीने ते ऐकलं. बापाने नुसतं बाजूला व्हायचं होतं. त्याने मला आत ओढलं, पोराला आत ओढलं आणि दाराला कडी घातली. मग पहिलं काम काय केलं? चिंध्या मागवल्या. दाराबाहेर अंजनाची पावलं, एक जड, एक हलकं, वाडीकडे जाताना मी ऐकली. सोबत गाडा नव्हता, तरी ती थांबली नाहीत.

पुढे त्या चिंध्यांसकटच मला माळ्यावर टाकलं. आज गुलाबरावांना मिशा आल्या आहेत आणि ते अजून गड्याच्या पाठीवरच बैठकीत येतात. गावाला म्हणे पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. एवढीच होती ती इभ्रत! अंजना डोक्यावर टोपली घेऊन गल्लीत वांगी विकते. तिची हाक मला माळ्यावर ऐकू येते, आणि खाली बैठकीत त्यांनाही येत असणार.

मित्रांनो, मला रंग नको, हळदकुंकू तर नकोच नको. तुमच्या गावात कुणाचं पोर अडखळत असेल, तर मला खाली उतरवा, भर अंगणात ठेवा. पण त्याआधी माझ्या चाकांच्या चिंध्या सोडा.