गॅलरीतले दोन खिळे

शेवंती गेल्याचं कळलं तेव्हा काशीराम परब मैदानाच्या मधोमध बसला होता. गौरी विसर्जनाचा दुसरा दिवस. सकाळी शेवंतीच्या छातीत दुखायला लागलं, तशी शेजारची जयंती तिला घेऊन दवाखान्यात गेली. जाताना शेवंती नवऱ्याला म्हणाली होती, "तुम्ही पुढे व्हा, चौकटी आखून घ्या. वर्तुळाला मी येतेच." चौकटी आखून झाल्या. काशीरामने फक्कीचं घमेलं खाली ठेवलं, दोरी उलगडली आणि वाट बघत बसला. तेवढ्यात गेटवरचा पहारेकरी धावत आला. तो काय म्हणाला ते काशीरामला पुढे कधी आठवलं नाही. दोरीचं एक टोक आपल्या हातात होतं आणि दुसरं गवतात पडलं होतं, एवढंच आठवलं.

मैदान कंपनीचं. मुलुंडला आग्रा रोडला लागून विजयंता वायर्स नावाची तारेची कंपनी होती, आणि तिच्या मागच्या बाजूला हे मैदान. कंपनीची फुटबॉलची टीम होती. खेळाडूंचं नाव कामगारांच्या हजेरीपटावर असे, पण त्यांना काम एकच, खेळायचं. काशीराम तिथला ग्राउंडमन. गवत, जाळ्या, फक्की सगळं त्याच्याकडे, एकोणीस वर्षं.

यार्ड म्हणजे किती, हे काशीरामला कधी नीट कळलं नाही. तो शाळेत गेला नव्हता. शेवंती चौथी शिकलेली. पहिल्या वर्षी कोचने दिलेला मापांचा कागद तिनेच वाचला आणि तिनेच सुती दोरीला गाठी मारल्या. प्रत्येक गाठीत एक चिंधी. दहा यार्डांना लाल, बाराला पिवळी, अठराला हिरवी. सगळ्या तिच्याच जुन्या लुगड्यांच्या. काशीरामला आकडे कळत नसले तरी रंग कळत होते. पिवळीवर पेनल्टी, हिरवीवर मोठी चौकट. चुकायची सोयच नव्हती.

सरळ रेघा तो एकट्याने आखायचा, दोन्हीकडे खुंट्या मारून. मधल्या वर्तुळाला मात्र दुसरं माणूस लागे. खुंटीला दोरी बांधून त्याने एकदा बघितलं होतं. खुंटी काही फिरत नाही. दोरी तिला गुंडाळत जाते आणि वर्तुळाची होते गोगलगाय. म्हणून शेवंती मधोमध उभी राहायची, टोक पोटाशी धरून. काशीराम लाल चिंधी धरून फक्की टाकत फिरायचा आणि ती जागच्या जागी त्याच्याबरोबर फिरायची. पूर्ण फेरीभर तिचं तोंड त्याच्याकडे असायचं. "सावकाश हो, मला गरगरतं," असं ती दरवेळी म्हणायची.

ती गेल्यापासून मैदानावर वर्तुळ नव्हतं. नुसता मधला ठिपका. सराव तसाच चालायचा. कोच श्यामसुंदर सरांनी एकदाही विषय काढला नाही.

त्या वर्षी, म्हणजे मेक्सिकोच्या वर्ल्ड कपच्या वर्षी, दिवाळीच्या आधी कंपनी विकली गेली. नवे मालक शिवदास शेठ. टीमचं पुढे काय, ते कोणी सांगेना. जुन्यांतले सातजण बँकांच्या टीममध्ये निघून गेले. श्यामसुंदर सरांनी हाय खाल्ली नाही. झोपडपट्टीतल्या, गावठाणांतल्या स्पर्धा पालथ्या घालून त्यांनी सात पोरं उचलून आणली. शेठनी त्यांना सीझनपुरतं ठेवून घेतलं, आणि दिवाळीनंतरच्या एका सोमवारी एक गोष्ट सगळ्यांसमोर साफ सांगितली.

"मला फुटबॉल समजत नाही. मला गोदाम पाहिजे, आणि ही जागा रिकामी आहे. पण फुटबॉल संघटनेने मैदान पास केलं, लीगच्या मॅचेस इथे झाल्या, तर चार लोक माझ्या कंपनीचं नाव वाचतील. मग मी मैदान ठेवतो. नाहीतर गोदाम. शनिवारी त्यांचा माणूस येतोय मोजायला."

काशीरामला हे बोलणं आवडलं. माणूस पोटात एक, ओठात एक असा नव्हता.

आणि पोरं तर अशी, की बघत राहावं. घाटकोपरच्या डोंगरावरचा रतन साळवे, एकोणीस वर्षांचा. चाळीत पाठीमागे दगडी पायऱ्या, पुढे गटार, त्या फटीत खेळून खेळून त्याचा डावा पाय असा तयार झालेला, की चेंडू जणू त्याला विचारून उसळायचा. गोलमध्ये गोराईचा इग्नेशिअस. पहाटे होडीने खाडी ओलांडून बोरिवलीला यायचा, तिथून बस बदलत मुलुंडला, आणि सात वाजता सगळ्यांच्या आधी मैदानात. बापाबरोबर जाळी ओढलेले हात. चेंडू एकदा त्या हातांत गेला की सुटायचा नाही. जुने खेळाडू चांगले होते, पण सराव संपला की शर्ट काढून फेकायचे. ही पोरं जाताना गोलाच्या जाळ्या स्वतः सोडवून घडी करून ठेवत. काशीरामने सांगितलेलं नसताना.

बुधवारी रतन पेनल्टीचा सराव करत होता. पाच मारल्या, तीन वरच्या दांडीला लागल्या. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काका, पेनल्टी लांब आहे."

"लांब तुझी जीभ आहे."

"नाही काका, खरंच. वीतभर. माझा पाय सांगतो."

"तुझा पाय!" काशीराम उठलाच. "दोन महिने झाले नाहीत येऊन, आणि मला माप शिकवतो? मेल्या, ह्या दोरीला गाठी मारल्या तेव्हा तू पाळण्यात मुतत होतास."

गोलमधून इग्नेशिअस हसला. "रतन, तुजा पाय नाय, तुजा नेम लांब हाय." मग हळूच म्हणाला, "पन काका, राग नका धरू. मलापन वाटला. मोठ्या चौकटीची रेघ जरा पलीकडे गेल्यासारी दिसते. मला वाटला, मीच आखूड झालो."

फक्कीचं घमेलं उचलून काशीराम सामानाच्या खोपटात गेला आणि दार लावून बसला.

गुरुवारी शेठचा मोजणीवाला आला, गोदामाची जागा मापायला. त्याच्याकडे लोखंडी टेप होती. काशीराम बराच वेळ त्याच्या मागे मागे फिरला. शेवटी म्हणाला, "साहेब, जरा ह्या ठिपक्यापर्यंत लावून बघता?"

पेनल्टीचा ठिपका नऊ इंच लांब निघाला. रतनची वीत. मोठी चौकट तेरा इंच बाहेर. पोराच्या पायाने लोखंडी टेपइतकं अचूक सांगितलं होतं.

श्यामसुंदर सर धावत आले. त्यांनी दोरी हातात घेतली, ओढून बघितली. "ताणली गेलीय काशीराम. सूत आहे ते, वाढतंच. परवा सकाळी संघटनेचा माणूस येतोय. गाठी सोडा, नव्या मारू."

"गाठ मी सोडणार नाही."

"मग नवी दोरी आणू."

"आणा. बाजारात मिळालं तर मैदानपण नवं आणा."

सर कधी उलट बोलत नसत. त्या दिवशीही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "वहिनींच्या हातच्या गाठी आहेत, मला माहीत आहे. पण ह्या मापावर मैदान पास होणार नाही. मैदान गेलं तर दोरी कुठे लावणार?"

काशीराम दोरी खांद्यावर टाकून घरी गेला. भांडुपला चाळीत, पहिल्या मजल्यावर त्याची खोली. ऊन अजून उतरलं नव्हतं. तो गॅलरीत बसला आणि लाल चिंधीची गाठ बोटांनी चाचपू लागला. घट्ट गाठ होती. शेवंती गाठ मारताना शेवटी दाताने ओढायची. ही एकदा सुटली की तिच्या हातचं काय राहिलं? एकोणीस वर्षांत त्या दोरीने त्याला कधी दगा दिला नव्हता. ती गेली आणि दोन महिन्यांत माप बिघडलं. त्याला वाटलं, आपल्याच हाताला गुण नाही.

जयंती नळावरून कळशी घेऊन येत होती. तिने दोरी बघितली आणि थांबली.

"भावोजी, आज काढलीत होय? मी म्हटलं, यंदा राहिलीच."

"काय राहिली?"

"ताणायची. खंडेनवमीला वहिनी ताणायच्या ना दरवर्षी."

काशीराम तिच्याकडे बघत राहिला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्या दिवशी तो कंपनीत असायचा. मशीनना झेंडूचे हार घालायचे, पेढे वाटायचे, यायला संध्याकाळ व्हायची. घरी आला की दोरीवर हळदकुंकू दिसायचं. दोरी त्यांचं हत्यार, म्हणून तिची पूजा. त्याच्या लेखी एवढंच होतं. यंदा शेवंती गेलेली, म्हणून घरात वर्षभर सण नव्हता. त्या दिवशी दोरी खुंटीवरून खाली उतरलीच नव्हती.

"ताणायची म्हणजे काय गं?"

"अहो, असं काय करता?" जयंतीने कळशी खाली ठेवली. "ह्या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत. दहा यार्ड. सगळ्या गाठी सोडायच्या, दोरी ताणून मापायची, परत मारायच्या. मागच्या गाठीपेक्षा कधी चार बोटं फरक, कधी वीतभर. हे खिळे आम्ही दोघींनीच ठोकलेत. शिवणाच्या टेपने सहा वेळा मोजलं, दुसरं टोक मी धरलं होतं. आणि कठड्यावर ह्या खाचा बघा, पुढच्या मापांच्या. तुम्हाला माहीतच नाही?"

एक खिळा काशीरामच्या दाराच्या चौकटीला होता. दुसरा तीन खोल्या सोडून, मोरीजवळ. काशीराम गेली कित्येक वर्षं पहिल्या खिळ्याला टॉवेल अडकवत होता. तो खिळा तिथे कशाला, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. शेवंतीनेही सांगितलं नव्हतं. एकदा मात्र म्हणाली होती, "टॉवेलाला दुसरी जागा नाही का हो?"

"मला का नाही बोलली?"

जयंती हसली. डोळेही पुसले. "मी विचारलं होतं. तर म्हणाल्या, त्यांना वाटतं दोरी चुकत नाही, तर वाटू दे. त्यांच्या रेघा सरळ येतात त्याने."

काशीरामने टॉवेल काढून आत टाकला. लाल गाठ दाताने ढिली केली. सुटली. तिच्या हातच्या गाठी एकोणीस वर्षांच्या नव्हत्याच. दर वर्षी ती त्या सोडत होती. सोडायची म्हणूनच माप टिकत होतं. त्याने एकेक गाठ सोडली, चिंध्या मांडीवर ठेवल्या, आणि जयंतीला म्हणाला, "धर गं ते टोक."

दिवे लागायच्या आत सगळ्या गाठी बसल्या. चिंध्या त्याच, रंग तेच.

शुक्रवारी सकाळी त्याने मैदानात येऊन आधी रतनला गाठलं. "वीतभरच होती रे. बरोबर होतास."

"मी बोललो नव्हतो?"

"बोललास ते बोललास, आता पुन्हा बोलू नको. पाणी आण."

जुन्या रेघा पुसायला सगळी टीम लागली. बादल्या, खराटे, पायसुद्धा. सातही नवी पोरं आणि उरलेले जुने. कोणी सांगितलं नव्हतं. श्यामसुंदर सर स्वतः पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खराटा मारत होते. दुपारपर्यंत चौकटी नव्याने आखून झाल्या. रतनने चेंडू पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवला. पहिली दांडीच्या खालून आत. दुसरी आत. तिसरी इग्नेशिअसने झेपावून अशी धरली की पोरांनी दोघांनाही उचललं. काशीरामने मान डोलावली. एकोणीस वर्षांत ह्या गोलावर त्याने याहून चांगलं काही बघितलं नव्हतं.

मग वर्तुळ राहिलं. रतनने दोरीचं टोक उचललं आणि मधल्या ठिपक्यावर जाऊन उभा राहिला. "मी धरतो काका. चला."

काशीरामने लाल चिंधी हातात घेतली, दहा यार्ड मागे गेला आणि वर बघितलं. पोरगा टोक पोटाशी धरून त्याच्याकडे तोंड करून उभा होता. काशीरामने लाल चिंधी हातातून खाली सोडली.

"खाली ठेव," तो म्हणाला. "तू गोल मार. हे मी बघतो."

रतनने टोक गवतावर अलगद ठेवलं.

शनिवारी सकाळी संघटनेचा माणूस आला, बरोबर शेठ. दोन तास टेप फिरली. आखलेल्या रेघांत इंचाचा फरक निघाला नाही. शेठ दोरीपाशी थांबले. चिंध्या बघितल्या, दोरी दोन बोटांत धरून ओढली.

"काशीरामभाई, मी तारेचा धंदा करतो. ताणलं की वाढतं, एवढं मला समजतं. दरवर्षी माप कोण ठीक करतं?"

"बायको."

"मग उद्या मॅचला त्यांना पण आणा. पुढे बसवू."

"ती गेली शेठ. गौरीच्या वेळी."

शेठनी दोरी खाली ठेवली आणि हात जोडले. मग श्यामसुंदर सरांकडे वळून म्हणाले, "गोदाम कारखान्याच्या भट्टीमागे बघू. हे वर्ष तरी इथे खेळा. पुढचं पुढे."

संघटनेच्या माणसाने कागदावर शिक्का मारला, मैदान पास. खाली त्याने एक शेरा लिहिला. श्यामसुंदर सरांनी तो मोठ्याने वाचला नाही, पण काशीरामला न वाचताही कळला. रविवारी चार वाजता मॅच होती. त्याआधी मधलं वर्तुळ आखायचं बाकी होतं.