अकरा रेघांचा फरक

"केसांतल्या पिना काढ आधी!" दारात पाऊल टाकायच्या आत आमचे हे ओरडले.

काढल्या. किल्ल्याही बाहेर ठेवल्या. बावीस वर्षं हेच चाललंय. पृथ्वीच्या चुंबकशक्तीचं माप घ्यायचं हे घर, खिळेसुद्धा तांब्याचे. मधोमध रेशमाच्या धाग्याला टांगलेली सुई. ती कुठल्या रेघेवर आहे ते हे दिवसातून आठ वेळा खुर्चीत बसून, वाकून बघतात आणि वहीत टिपतात. इतकं टक लावून माझ्याकडे लग्नातही बघितलं नव्हतं!

पण आज थट्टा सुचत नव्हती. गेले चार महिने सुई अकरा रेघा सरकून होती आणि कारण काही सापडेना. तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी सकाळपासून कोपरान् कोपरा धुंडाळला. लोखंडाचा कणही नाही. म्हणजे दोष ह्यांच्या नजरेचा. चार महिन्यांच्या नोंदी रद्द, आणि ह्यांनी आता घरी बसायचं.

"चुकलंच असेल माझं. वय झालं गं," हे सुईपुढच्या खुर्चीतूनच पुटपुटले आणि चष्मा काढून, तोंड फिरवून डोळे पुसायला लागले.

मी सुईकडे बघत होते. ती सरकली.

"अगंबाई! अहो, हलली!"

"काहीतरीच काय!" म्हणत ह्यांनी चष्मा घातला. सुई परत होती तिथे.

पोलादी काड्यांचा चष्मा! जुना पितळी मोडला म्हणून मीच हौसेनं आणलेला. साऱ्या जगाला पिना काढायला लावणारा हा माणूस चार महिने लोखंड नाकावर घेऊन बसला होता. आणि चष्म्याशिवाय ह्यांना सुई दिसतच नाही, मग कळणार कसं? मला हसू आवरेना, रडूही आवरेना.

मी चष्म्याकडे बोट दाखवलं, तसा ह्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे साहेब, नोंदी गेल्याच की."

साहेब वही चाळत होते. "गेल्या कुठे? फरक दर वेळी अकराच. ना दहा, ना बारा. अकरा वजा केले की झालं." त्यांनी वही ह्यांच्या पुढ्यात ठेवली. "रोज आठ वेळा, चार महिने, डोकं तसूभरही इकडेतिकडे न करता बसायचं! मला नाही बुवा जमणार. खुर्ची तुमचीच."

बाहेर वेळेची घंटा झाली. साहेब स्वतः ह्यांचा चष्मा बाहेर ठेवून आले. ह्यांनी चाचपडत लेखणी उचलली.

"तू वाच," म्हणाले.

मी वाकून रेघ सांगितली. ह्यांनी लिहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ओळ जरा तिरकी गेली.