कोऱ्या कागदावरचा शिक्का

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो. गोल, रबरी तोंडाचा, लाकडी मुठीचा. पनवेलजवळ, सुकापूरच्या पुढे एक गाव आहे, तिथल्या ग्रामपंचायतीचा. गावाचं नाव सांगत नाही. ते माझ्या तोंडावर कोरलेलंच आहे, पण आता ते मिरवायची लाज वाटते. सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्यातल्या लोखंडी कपाटात आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, वर चिठ्ठी लावून मला ठेवलंय. इथं कसा आलो ते सांगतो. माझी बाजू मांडायची म्हणून नव्हे हं. मला बाजूच नाही.

पनवेलच्या बाजारात प्रभाकर नावाच्या कारागिरानं मला घडवलं. म्हातारा मोठा चिकित्सक. एक मात्रा जराशी तिरकी आली म्हणून त्यानं पहिलं रबर फेकून दिलं आणि नवीन कापायला घेतलं. "गावाचा शिक्का आहे, चुकून चालायचं नाही," असं तो समोर बसलेल्या सरपंचांना म्हणाला. सरपंच म्हणजे बळीरामदादा. त्यांचा बाप मिठागरात राबलेला, स्वतः दादांनी भात लावलेला. पुढे जमिनी गेल्या, टॉवर आले, दादांच्या अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट आला. बोलणं मात्र तेच राहिलं. त्यांनी मला गावदेवीपुढे ठेवून नारळ फोडला. मग काय, मी हवेतच!

पण मला खरं वागवलं ते जनीनं. जनी पंचायतीची शिपाई. शाई वाळली की ती माझ्या तोंडावर 'हा' करून वाफ सोडायची आणि धप्पकन मला कागदावर टेकवायची. जन्माचा दाखला, राहत असल्याचा दाखला, घराचा उतारा, माझ्याशिवाय गावात पान हलत नसे. शाळेत नाव घालायचं असो की गॅस घ्यायचा असो, आधी माझ्याकडे यावं लागे.

आता आमची खोड सांगतो. ग्रामसेवक तीन गावांना मिळून एक. ते आमच्याकडे मंगळवारी नि शुक्रवारी यायचे. लोक खेपा घालून दमायचे आणि जनीच्या नावानं बोटं मोडायचे. जनीनं तोड काढली. दर सोमवारी ती पंचायतीचे पंचवीस-तीस कोरे कागद घ्यायची आणि सगळ्यांवर खाली मला मारून ठेवायची. माणूस आला की कागद प्रिंटरमध्ये सारायचा, मजकूर छापायचा, सही झाली की काम झालं. "जनीबाय हाय म्हनून काम अडत नाय," असं गाव म्हणायचं. तिच्याबरोबर मीही फुगायचो. कोऱ्या कागदावर उमटताना मला एकदाही वाटलं नाही की, अरे बाबा, तू ग्वाही कशाची देतोयस? वर तर काहीच लिहिलेलं नाही! कौतुक कानावर पडलं की डोकं चालेनासं होतं, ते असं.

मग ते दिवस आले. आमचं गाव शहराच्या पालिकेत घालायचं ठरलं आणि गाव उभं दुभंगलं. नव्या सोसायट्यांतल्या लोकांना पालिका हवी होती, कारण त्यांना नळाला पाणी हवं होतं. जुन्या गावठाणातल्या लोकांना धास्ती पडली की पालिका आली म्हणजे आपली वाढवलेली घरं बेकायदा ठरणार. प्रकरण कोर्टात गेलं आणि तारखांवर तारखा पडू लागल्या. इकडे पंचायतीची मुदत संपली, निवडणूक होईना. दादा म्हणत, सरपंच मीच. पालिका म्हणे, कारभार आमचा. सोसायटीवाले म्हणत, कुणीच नाही. गावानं आपला कारभार आपण करावा, असं राज्यघटनेत लिहिलंय म्हणे, पण आमच्या गावात तो नक्की कुणी करायचा हे कुणालाच सांगता येईना. रोज नाक्यावर घोषणा होऊ लागल्या. टायर जळाले, रस्ता अडला, एसटीच्या काचा फुटल्या. कालपर्यंत एकमेकांच्या गणपतीला जाणारी माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली. अशा वेळी दोन्हीकडच्यांना भरवसा उरला होता तो माझा. "शिक्का हाय ना? मग खरा," असं म्हणायचे.

एका बुधवारी दुपारी दादांच्या मोबाइलवर मेसेज आला. उद्या पालिकेचा माणूस येऊन घरांवर लाल खुणा करणार, आणि लाल खूण झालेलं घर पाडणार. कुणी पाठवला देव जाणे. दादा लबाड नव्हते हो. ते खरंच घाबरले. जनी जेवायला घरी गेली होती. दादांनी तिच्या टेबलाचा खण उघडला, माझा ठसा असलेले उरलेले कोरे कागद काढले आणि तो मेसेज सगळ्यांवर छापला. खाली लिहिलं, सर्वांनी नाक्यावर जमावे. पालिकेत एक फोन करून विचारलं असतं तर? नाही विचारलं. खाली सही नव्हती, तरी गावातही कुणी विचारलं नाही. मी होतो ना! तासाभरात खांबाखांबावर ते कागद लागले.

दुसऱ्या दिवशी आले ते अवधूत. पालिकेचे साधे कारकून, हातात वही आणि लाल खडू. कुठल्या घराला नळ द्यायचा त्याची मोजणी करायला आले होते बिचारे! नळ द्यायचा त्या घरावर खूण. पहिली खूण केली आणि शे-दीडशे माणसं धावून आली. अवधूतांचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. दगड आला तो डाव्या डोळ्यावर.

पोलीस आले. खांबावरच्या कागदांवरचा ठसा खरा आहे हे तर दिसतच होतं. दादांची बोबडी वळली. "शिक्का चोरीला गेलता," ते म्हणाले. मग त्यांना विनायक आठवले. विनायक सोसायटीत राहणारे, मुंबईला नोकरीला जाणारे, पालिकेच्या बाजूनं मोर्च्यात पुढे असणारे. मंगळवारी ते मुलीच्या शाळेसाठी दाखला न्यायला आले होते आणि दादांशी त्यांची बाचाबाची झाली होती. गावठाण बदनाम व्हावं म्हणून यांनीच शिक्का पळवून कागद लावले, असं म्हणून दादांनी त्यांचं नाव घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! पोलीस विनायकांना घेऊन गेले. दादांनी मला जनीच्या हातात कोंबलं. "लपव खंय तरी," म्हणाले. जनीनं मला घरी नेऊन तांदळाच्या डब्यात पुरलं.

चौथ्या दिवशी विनायकांची बायको, पद्मजा, जनीच्या दारात आली.

"जनीताई, हे मंगळवारी दाखला घेऊन गेले, त्यानंतरही शिक्का तुमच्याकडेच होता ना? तेवढंच पोलिसांना सांगा ना. आमची आभा शाळेत जायला तयार नाही. मुली तिला नको ते बोलतात."

"मना काय ठाव नाय," जनी म्हणाली.

मी चार हातांवर तांदळात होतो. मला तोंड आहे, पण कुणी दाबल्याशिवाय त्यातून काही उमटत नाही. त्या दिवशी मला माझी इतकी शरम वाटली की काय सांगू.

"तुमच्या हातनं कुणाचं काम अडत नाही म्हणतात," पद्मजा म्हणाली. "माझं अडलंय हो."

ती गेली. जनीनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. सकाळी तिनं डब्यात हात घातला, मला बाहेर काढलं, पुसलं आणि पदराखाली खोचलं. रिक्षा स्टँडवर दादा उभे होते. त्यांनी ओळखलं.

"जने, गावाशी गद्दारी करतंस?"

"गाव माजाच हाय, दादा. कोरा कागद पन माजाच हाय," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

ती आधी दवाखान्यात गेली. अवधूत खाटेवर पडून होते, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. डोळा वाचला नव्हता. जनी पायाशी उभी राहिली. तिनं पदराखाली मला चाचपलं. शेवटी म्हणाली, "साहेब, तो शिक्का मी मारलेला. कोऱ्यावर. दर सोमवारी मारायची मी."

अवधूतांनी उघडा डोळा तिच्याकडे वळवला. मग म्हणाले, "गावात शिरताना तो कागद मी खांबावर वाचला होता, ताई. आम्ही नळ द्यायला आलोय हे मला माहीत होतं. तरी खाली शिक्का बघून क्षणभर मलासुद्धा वाटलं, घरं पाडायचीच असतील, मलाच कुणी सांगितलं नसेल."

मित्रांनो, ज्याचा डोळा गेला त्याचाही माझ्यावर विश्वास होता. हे ऐकल्यावर मी कुठल्या तोंडानं तुमच्यापुढे येऊ?

मग जनी पोलीस ठाण्यात गेली. कोऱ्या कागदांचं, खणाचं, तांदळाच्या डब्याचं, सगळं तिनं सांगितलं. दादांचं नावही सांगितलं, आणि ते सांगताना ती रडली. संध्याकाळी विनायक सुटले. दादांना बोलावणं गेलं. जनीची नोकरी जाणार हे तिलाही कळत होतं. मला जप्त करताना अंमलदारांनी एक पांढरा कागद तिच्यापुढे सरकवला आणि शाईचा पॅड उघडला.

"नमुन्यासाठी एक ठसा मारा."

जनीनं मला उचललं. हात कागदापर्यंत आला आणि थांबला.

"कोऱ्यावर नाय मारनार, साहेब. आदी लिवा."

अंमलदार चिडले. "अहो बाई, नमुना आहे नुसता!"

"मग तसा लिवा. नमुना म्हनून लिवा, तारीख घाला, मना वाचून दाखवा."

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं. मग जनीनं मला टेकवलं. तो माझा शेवटचा ठसा.

मित्रांनो, आमचं गाव कुणाचं हे कोर्टात अजून ठरायचंय. ठरेल तेव्हा नवा शिक्का घडेल. त्याला जपा, म्हणजे फडक्यात गुंडाळून ठेवा असं मी म्हणत नाही. तो कोऱ्या कागदावर मारू देऊ नका. आणि मारलेला दिसला तर वर काय लिहिलंय, कुणी लिहिलंय, ते विचारा. माझ्या गावात ते एकानंही विचारलं नाही, कारण सगळ्यांनी मला पाहिलं होतं.